बाहेरचं तापमान

१

हिवाळा लागला की मार्लिस टॉलेफसन बॉयसी शहरात यायची आणि विमानतळाजवळच्या मोटेलात तीन महिन्यांसाठी खोली घ्यायची. खोलीचा नंबर दर वर्षी वेगळा, पण पलंगपोस तोच तपकिरी आणि हीटरची घरघरही तीच. डोंगरावर ढग चांगले दाटले की सकाळी सातला फोन वाजायचा. नऊला ती हँगरमध्ये, दहाला विमान हवेत. ढग नसले की फोन वाजत नसे, आणि मग त्या दिवशी दुसरंही कुणी तिला फोन करत नसे. डुलुथला बहीण होती, ती दर रविवारी करायची. गेल्या दोन वर्षांत तो रविवार महिन्यातून एकदाच यायला लागला होता.

विमान लहानसं, दोन पंख्यांचं. बर्फाच्या ढगात शिरायचं आणि ढगाच्या पोटात काय चाललंय ते मोजायचं, एवढंच त्याचं काम. पुढे डेल उरुतिया वैमानिक. त्याचे आजोबा समुद्रापलीकडच्या बास्क मुलखातून मेंढ्या राखायला इथं आले होते. आपणही मेंढ्याच राखतो, फक्त माझ्या मेंढ्या वर असतात, हा त्याचा ठरलेला विनोद. त्याच्या शेजारी सहवैमानिक हॉलिस, दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारा. मध्ये डॉ. लॉर्न प्रुइट, ज्याच्या अभ्यासासाठी ही सगळी धडपड. आणि सगळ्यांत मागे, डाव्या खिडकीला लागून, मार्लिस आणि तिची यंत्रं. मधल्या वाटेपलीकडची उजवी खुर्ची रिकामी असायची. तिच्यावर सगळ्यांचे कोट आणि उरुतियाचं चोरिझोचं, म्हणजे मसालेदार सॉसेजचं, सँडविच.

डोंगराच्या माथ्यावरून शेतात नांगर फिरवावा तसं विमान फिरायचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नऊ मिनिटं, मग वळसा, परत नऊ मिनिटं. सगळा वेळ ढगातच. खिडकीबाहेर पांढरं, फक्त पांढरं. पंखाचं टोकसुद्धा दिसायचं नाही. प्रकाशाच्या एका बारीक रेषेतून बर्फाचे कण जायचे आणि त्यांच्या सावल्या मार्लिसच्या पडद्यावर उमटायच्या. फांद्याफांद्यांचे तारे, सुया, चकत्या. एकोणीस हिवाळे ती या सावल्या बघत आली होती आणि तिला त्यांचा कंटाळा आला नव्हता.

दर मिनिटाला ती हेडफोनमधून बाहेरचं तापमान सांगायची. पंखांवर बर्फ कधी धरेल याचा अंदाज उरुतियाला त्यावरून यायचा. पडद्यावर बघणं त्यालाही जमलं असतं, पण सवय पडली होती. "बाहेर उणे सतरा." मिनिटभरानं पुन्हा, "बाहेर उणे सतरा." एखाद्या दिवशी तिच्या तोंडून निघणारे तेवढेच शब्द असायचे.

२

जानेवारीच्या मध्यात एका उड्डाणात, चौथ्या फेरीला, तिनं "बाहेर" म्हटलं आणि पुढचा आकडा तिच्या तोंडून निघेना.

"बाहेर किती?" उरुतियानं विचारलं.

पडद्यावरची रेघ एका दातासारखी वर गेली होती. छत्तीस. उणे नव्हे, नुसते छत्तीस. दीड सेकंदात रेघ खाली आली, चार सेकंद उणे सतरावर राहिली, पुन्हा वर. असे पाच दात. मग सगळं पूर्ववत.

"उणे सतरा," मार्लिस म्हणाली.

तिनं सावल्यांची पट्टी मागे फिरवून बघितली. दात होते तेवढ्या जागी तारे नव्हते, सुया नव्हत्या. गोल थेंब होते. बर्फ वितळून पाणी झालं होतं, आणि दाताच्या पलीकडे पुन्हा तारे सुरू.

यंत्र बिघडू शकतं. वायर हलते, आकडा उडी मारतो. हे तिनं शंभरदा पाहिलं होतं. पण आकडा दाखवणारं यंत्र वेगळं आणि सावल्या दाखवणारं वेगळं. दोघांनी ठरवून एकाच वेळी खोटं बोलावं, हे तिला पटेना.

हे तिनं प्रुइटला दाखवलं. तो चाळिशीचा, सभ्य, घाईतला माणूस. त्यानं चष्मा कपाळावर सारून पडद्याकडे बघितलं आणि तेवढ्या भागावर खराब नोंद म्हणून खूण करायला सांगितलं. उद्या तापमापक बदलून घेऊ म्हणाला. मार्लिसनं खूण केली.

३

तापमापक बदलला. पुढच्या उड्डाणात दात पुन्हा आले, आणि या वेळी अकरा. त्याच्या पुढच्या उड्डाणात सव्वीस.

तापमापकाची नळी विमानाच्या डाव्या अंगाला होती, मार्लिसच्या खिडकीखाली जेमतेम हातभर. त्यामुळे प्रुइटनं काढलेला तर्क बरोबरच वाटत होता. विमानाच्या पत्र्याला तिथं कुठंतरी बारीक फट असणार. आतली गरम, दमट हवा त्या फटीतून बाहेर पडत असणार आणि थेट नळीवर जात असणार.

"छत्तीस अंश आणि दमट," तो हसून म्हणाला. "मार्लिस, तुमचाच श्वास आहे तो. तुम्ही बाहेर सोडताय आणि आपण मोजतोय."

ती पण हसली. त्या रात्री खोलीत हे आठवून तिला जरा बरंच वाटलं. कुणी का होईना, तिचा श्वास मोजला होता.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं विमानात हवा भरून सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा आला नाही. खिडकीची चौकट, नळीचं भोक, सगळं गच्च होतं. तपासणीचा कागद देताना तो म्हणाला की या विमानातून मुंगीचा श्वाससुद्धा बाहेर जायचा नाही.

प्रुइटनं तो कागद बॅगेत टाकला. त्याला हंगामातली उरलेली सहा उड्डाणं हवी होती. तापमानाचा एक रकाना गेला तर गेला, बाकीचे होते.

४

तरीही मार्लिसच्या मनानं श्वासाचा तर्क सोडला नाही. दातांची गती तशीच होती. वर, खाली, थोडं थांबून पुन्हा वर. निजलेल्या माणसाची छाती बघावी तशी.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दात पुन्हा सुरू झाले तेव्हा तिनं एक साधा प्रयोग करायचं ठरवलं. आपलाच श्वास असेल तर आपण रोखल्यावर रेघ थांबेल. थांबली की प्रुइटला सांगायचं, फट कुठंतरी आहे, पुन्हा शोधा. पुढं प्रुइट फोनवर नजर लावून बसला होता. इंजिनांची एकसुरी घुमघुम चालू होती. तिनं तोंड मिटलं, दोन बोटांनी नाक दाबलं आणि पडद्याकडे बघत राहिली.

दात आला. थोड्या वेळानं दुसरा आला. आपला श्वास नाही, एवढं तिला कळलं.

आणि मग रेघ थांबली. उणे अठरावर, सपाट.

छातीत कळ यायला लागली तरी तिनं बोटं काढली नाहीत. रेघ सपाटच होती. विमानाच्या बाहेर, पांढऱ्यात, काहीतरी थांबलं होतं. बिघडल्यामुळे थांबलं असं तिला वाटेना. दाराशी कान लावलेला माणूस आतला आवाज बंद झाल्यावर स्वतःचा श्वास धरतो, तसं ते थांबलं होतं.

तिनं श्वास सोडला. रेघ छत्तीसवर गेली.

"बाहेर किती, मार्लिस?" उरुतियाचा आवाज आला. "झोपलीस काय?"

"उणे अठरा," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं बहिणीला फोन लावला. निरोप ठेवा असं यंत्र म्हणालं. काय निरोप ठेवायचा याचा विचार करता करता टूं वाजून फोन बंद झाला. मग ती पलंगावर बसून स्वतःला समजावत राहिली. ढगात गरम हवेचे गोळे असू शकतात. आपण श्वास रोखला आणि रेघ थांबली हा योगायोग. एकदा घडलेल्या गोष्टीवरून काही ठरवायचं नसतं, हे तिनं कित्येक नव्या शास्त्रज्ञांना शिकवलं होतं. पुढच्या उड्डाणाला जाऊ नये असंही एकदा मनात आलं. पण न जाता करायचं काय? या खोलीत बसायचं. आणि तिला कबूल करायला आवडलं नसतं, पण हीटर घरघरत असताना त्या दाताची चार सेकंदांची वाट बघणं तिला आठवत होतं. जवळपास कुणी श्वास घेतंय हे कानावर पडून तिला फार वर्षं झाली होती.

५

सोळा फेब्रुवारीला ढग इतके दाट होते की उरुतियानं निघतानाच, आज मेंढ्या अंगावर येणार, असं सांगितलं.

पहिल्या दोन फेऱ्या नीट गेल्या. तिसऱ्या फेरीला दात सुरू झाले आणि या वेळी संपेनात. आधी ते माथ्यावरच्या एका ठरावीक टप्प्यात यायचे आणि विमान तिथून पुढे गेलं की थांबायचे. आज टप्पा मागे पडला, वळसाही झाला, तरी दात बरोबर येत होते. सेकंदाला नव्वद मीटर जाणाऱ्या विमानाबरोबर.

"डेल," हॉलिस पुढून म्हणाला, "डावा पंख बघ."

उरुतियानं मान वळवून बघितलं. मग त्यानं प्रुइटला सांगितलं की उजव्या पंखावर बोटभर बर्फ धरलंय आणि डावा पंख बुडापासून मध्यापर्यंत कोरडा आहे, पुसून काढल्यासारखा. तीस वर्षांत त्यानं असं बघितलं नव्हतं. शिवाय विमान डावीकडे ओढत होतं. त्याला सारखं उजवं पेडल दाबून धरावं लागत होतं. इंधन दोन्ही टाक्यांत सारखं होतं, ते हॉलिसनं दोनदा तपासलं.

"बर्फ उजवीकडे आणि ओढ डावीकडे," उरुतिया म्हणाला. "उलटं आहे हे. मार्लिस, बाहेर किती?"

मार्लिस खिडकीकडे बघत होती.

काच धुरकटली होती. बशीएवढा एक गोल, तिच्या तोंडाच्या उंचीवर. ती पुढे वाकली असेल, तिचाच श्वास काचेवर बसला असेल, म्हणून तिनं तळव्यानं काच पुसली. तळवा कोरडा राहिला. वाफ तशीच होती. तिनं नखानं काच खरवडली. तरी तशीच. गोल आक्रसत आक्रसत सुपारीएवढा झाला आणि पुन्हा पसरला. तिनं पडद्याकडे पाहिलं. छत्तीस.

वाफ काचेच्या बाहेरच्या बाजूला होती.

तिच्या मनानं अजूनही हिशेब मांडायचा प्रयत्न केला. दोन काचा असतात, मध्ये ओल शिरली असेल. पण मधली ओल अशी मोठी-लहान होत नाही. ती खुर्चीत जमेल तेवढी मागे सरकली. पट्ट्यामुळे फार सरकता येईना. गोल पसरला, आक्रसला. पसरला. गोलाच्या मधोमध एक ठिपका स्वच्छ राहिला होता, काहीतरी काचेला टेकलेलं असावं तसा.

"मार्लिस?"

"डेल, वर घे," ती म्हणाली. "ढगाच्या बाहेर काढ."

का, असं त्यानं विचारलं नाही. विमानानं नाक वर केलं.

६

वीस मिनिटांनी ते ढगाच्या पाठीवर आले.

वर ऊन होतं. निळं आभाळ, आणि खाली क्षितिजापर्यंत पांढरं, कापूस पिंजून पसरावा तसं. मार्लिसनं काचेकडे बघायचं धाडस केलं. काच लख्ख होती. बाहेर काही नव्हतं. पंख, ऊन, निळं. रेघ उणे एकवीसवर सपाट होती. तिला रडू येईल असं वाटलं.

सूर्य उजवीकडे होता, त्यामुळे विमानाची सावली डावीकडे, ढगाच्या पाठीवर पडली होती आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्याचं एक लहानसं कडं होतं. हे तिनं शेकडो वेळा पाहिलं होतं आणि दर वेळी तिला ते आवडायचं. सावली ढगाच्या उंचसखल पाठीवरून बरोबर पळत होती. नाक, दोन पंख, शेपूट.

आणि पंखामागे, अंगाला लागून, एक गाठ.

ती विमानाची नव्हती. हे विमान कुठल्याही बाजूनं कसं दिसतं हे मार्लिसला पाठ होतं. तिच्या खिडकीच्या जागी सावलीला काहीतरी चिकटलेलं होतं, लांबट, माणसाहून मोठं. तिनं झटकन काचेबाहेर पाहिलं. निळं. पुन्हा सावलीकडे पाहिलं. गाठ होती. झोपेतला माणूस कूस बदलतो तशी ती सावकाश वळली, आणि तिच्यातून एक टोक निघून वर, खिडकीकडे झालं.

विमान एका ढगाच्या उंचवट्यावरून गेलं. सावली क्षणभर मोठी झाली, जवळ आली, मग पुन्हा लांब गेली. आता ती नुसती विमानाची होती.

"सुटलं," उरुतिया हेडफोनमधून म्हणाला. "ओढ गेली एकदम. काय होतं कोण जाणे."

प्रुइटनं घड्याळ बघितलं. इंधन दोन फेऱ्यांचं होतं, आणि असे ढग हंगामात पुन्हा मिळणार नव्हते. यंत्रं तयार आहेत का, असं त्यानं मागे वळून विचारलं. या विमानात ते सांगायचा अधिकार मार्लिसचा होता.

"नाहीत," ती म्हणाली. "सगळी गोठलीत, डॉक्टर."

एकोणीस वर्षांत ती यंत्रांबद्दल कधी खोटं बोलली नव्हती. प्रुइट तिच्याकडे बघत राहिला, तिच्याजवळचा चालू पडदाही त्याला दिसत असणार. पण तिचा चेहरा बघून त्यानं पुढं विचारलं नाही. घरी चला, असं त्यानं उरुतियाला सांगितलं.

घर ढगाखाली होतं.

७

उतरायला लागायच्या आधी मार्लिसनं पट्टा सोडला, उजव्या खुर्चीवरचे कोट उचलून मागे टाकले आणि ती तिकडे जाऊन बसली. इथं ऊन येतं, असं तिनं प्रुइटला सांगितलं. ऊन आणखी दोन मिनिटंच राहणार होतं. त्यानं मान हलवली.

पांढरं आलं आणि सगळीकडून बंद झालं. उजव्या खिडकीचा पडदा तिनं ओढून घेतला आणि वाटेपलीकडे, आपल्या रिकाम्या खुर्चीसमोरच्या यंत्राकडे बघत राहिली. उणे सोळा. उणे तेरा. उणे नऊ. रेघ सपाट होती. डावी काचही स्वच्छ होती. विमान हादरत हादरत खाली जात होतं आणि प्रत्येक आकड्याला तिच्या खांद्यांतला ताण थोडा थोडा सुटत होता. उणे चार. मग ढगाचं पोट फाटलं आणि खाली गाव दिसलं. हमरस्ता, साखर कारखान्याची वाफ, ओळीनं उभे ट्रक. भुरभुर बर्फ पडत होतं. चाकं टेकली तेव्हा तिनं डोळे मिटले.

हँगरमध्ये प्रुइट आपली बॅग घेऊन न बोलता निघून गेला. हॉलिसही गेला. मार्लिस कागद भरत बसली. उड्डाणाच्या नोंदीत तिनं 'यंत्रात बिघाड' असं लिहिलं आणि सही केली. उरुतिया विमानाला एक फेरी मारून, हात पुसत, तिच्या टेबलाशी आला.

तो टेबलाला टेकून उभा राहिला.

"तू जागा बदललीस," तो म्हणाला.

"हो. ऊन होतं तिकडे."

"केव्हा? उतरायच्या आधी?"

"आधी. का रे?"

उरुतियानं फडकं घडी करून खिशात घातलं. नेहमीचा विनोद त्याच्या तोंडावर कुठंच नव्हता.

"सकाळभर डावीकडे ओढत होतं. एका अंगाला माणूस लटकावा तसं. वर उन्हात सुटलं," तो म्हणाला. "मग खाली ढगात शिरलो आणि पुन्हा धरलं. पण या वेळी उजवीकडे."

मार्लिसनं पेन खाली ठेवलं. तापमापक डाव्या अंगाला होता, एवढंच तिच्या मनात आलं. उजवीकडचं तो कसं दाखवणार?

"ढगातून बाहेर पडल्यावर सुटलं असेल ना?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग कुठपर्यंत?"

"चाकं टेकेपर्यंत. धावपट्टीवरही." त्यानं विमानाकडे बघितलं. "तू जिना उतरलीस, आणि मग विमान खांद्यावरून ओझं काढल्यासारखं हललं. मी आतच बसलो होतो, मला कळलं."

हँगरच्या पत्र्यावर बर्फ सरकत असल्याचा आवाज येत होता. मग उरुतियानं विचारलं, गाडीपर्यंत सोबत येऊ का. हे तो दर हिवाळ्यात एकदोनदा तरी विचारायचा, आणि ती दर वेळी, मला काय धाड भरलीय, असं म्हणून टाळायची. आज ती हो म्हणाली. तिनं कोट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली.

बाहेर दुपार करड्या रंगाची झाली होती. वारा नव्हता. बर्फ सरळ, सावकाश, सगळ्यावर सारखं पडत होतं. गाड्यांवर, कुंपणावर, उरुतियाच्या टोपीवर. तो तिच्या डाव्या बाजूनं चालत होता आणि मोटेल सोडून आमच्याकडे चल, बायको जेवायला वाढेल, दोन दिवस राहा, असं काहीतरी सांगत होता. ती हो, हो म्हणत होती. मान तिनं समोर ठेवली होती.

गाडीशी पोचल्यावर किल्ली लावायला तिनं हात पुढे केले. डाव्या बाहीवर बर्फाचा पांढरा थर साचला होता. उजवी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत ओली होती, आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं.